हे उणे कुणाचं?

आमच्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात सकाळी आठच्या आधी ओट्यावर काही ठेवायचं नाही, असा नियम होता. भांडं नाही, दुधाची पिशवी नाही, चहाची गाळणीसुद्धा नाही. मला तो कुणी सांगितला नव्हता. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी ओट्यावर पातेलं ठेवलं आणि मागून शांत आवाज आला, "अगं, माझ्या तिसऱ्या ओळीवर ठेवलंस."

पातेलं उचललं तर खाली खडूने लिहिलेलं गणित. भिंतीपासून सिंकपर्यंत सगळा काळा कडप्पा बारीक, सुटसुटीत अक्षरांनी भरलेला. बाई पहाटे पाचला उठायच्या, स्टुलावर बसून ओट्यावर गणित करायच्या आणि आठ वाजता सुनंदा कामाला आली की ती ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायची. रोज. सुनंदा मूळची राजापूरकडची, बाईंकडे बारा वर्षं होती. पुसण्याआधी ती एकदाच विचारायची, "झालं काय?" बाई "हो" म्हणाल्या की फडकं फिरायचं.

"वहीत का नाही करत?" मी एकदा विचारलं.

"वहीत केलं की चूक तशीच राहते. इथे सुनंदा येते."

त्या वेळी बाई सत्तरीच्या आत-बाहेर असाव्यात. लग्न केलेलं नव्हतं. गिरगावात वाढलेल्या, आईला घेऊन इकडे आलेल्या, आई गेल्यानंतर एकट्या. एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सोसायटीत त्यांना सगळे बाईच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

मी माणगावकडची. काशीमिऱ्याच्या बाजूच्या एका कॉलेजात कंत्राटी लेक्चरर होते आणि जोडीला पीएच.डी. करत होते. खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "विषय काय?"

"गणित."

"गणितात काय?"

"टोपॉलॉजी." हा शब्द ऐकला की लोक पुढे विचारत नाहीत, असा माझा अनुभव होता.

"किती मितींची?"

"तीन," मी जरा चपापून म्हणाले.

"पुढची खोली तुझी. पंखा आवाज करतो, सवय होईल," एवढंच त्या बोलल्या. त्यानंतर जवळजवळ आठ महिने त्यांनी माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ओट्यावर त्या कोडी सोडवतात, वर्तमानपत्रातली किंवा जुन्या परीक्षांची, असा माझा समज होता. मीही कधी वाकून नीट वाचलं नाही.

बाईंचा एक ठेवणीतला प्रश्न होता: "एकच की वेगळं?" कुठल्याही वादात त्या हा प्रश्न मध्ये टाकत. आमच्या सोसायटीच्या दोन विंग होत्या. कमिटीने एकदा दोन्ही विंगांतल्या स्वयंपाकघरांसाठी एकाच मापाच्या ट्रॉल्या घाऊक भावात बनवून घ्यायचं ठरवलं. नोटिशीत लिहिलं होतं, दोन्ही विंगचे फ्लॅट एकसारखे आहेत. मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या. "एकसारखे नाहीत. आरशातले आहेत. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात जात नाही." सेक्रेटरी गुजराती गृहस्थ, सज्जन माणूस. ते हसून म्हणाले, "बाई, माप तर सेमच आहे ने?" बाई खाली बसल्या. ट्रॉल्या आल्या तेव्हा बी विंगमधल्या एकाही ट्रॉलीचं दार पूर्ण उघडेना, भिंतीला अडायचं. सेक्रेटरी स्वतः घरी येऊन म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं, बाई." त्यावर बाईंनी त्यांना बसवून चहा दिला आणि मोजा म्हणजे काय, ते पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पाऊण तास. ते बिचारे ऐकत राहिले.

दुसऱ्यांच्या चुका त्या अशा सबुरीने घेत. स्वतःची चूक मात्र त्यांना झोपू देत नसे. शिकवत असताना आदल्या दिवशी फळ्यावर काही चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी सांगायच्या, "काल माझं चुकलं, वह्या काढा." हे मला त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. तो आता दाताचा डॉक्टर झाला होता, स्टेशनच्या अलीकडे त्याचा दवाखाना होता. बाईंची दाढ दुखायला लागली म्हणून मी त्यांना तिथे घेऊन गेले. बाई खुर्चीत आडव्या झाल्या, दिवा डोळ्यांवर आला, त्याने मास्क लावला, आणि बाई एकदम उठून बसल्या.

"तू शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचास."

"हो बाई. बरोब्बर ओळखलंत."

"तुमच्या बॅचला मी संभाव्यतेचं एक उदाहरण चुकीचं सोडवून दिलं होतं. पत्त्यांचं. मला ते मे महिन्यात लक्षात आलं, तोवर तुमची परीक्षा होऊन गेली होती. लिहून घे."

"बाई, आधी तोंड उघडा ना."

"आधी लिहून घे."

त्याने मास्क खाली केला आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर पत्त्यांचं उदाहरण उतरवून घेतलं. बाहेर तीन पेशंट बसले होते. दाढ काढल्यावर तोंडात बोळा धरून बाई घरी आल्या आणि दिवसभर इतक्या खुशीत होत्या की सुनंदाला वाटलं, दाढ वाचली.

हे सगळं मला तेव्हा मजेशीर वाटायचं. आईला फोनवर सांगायचे आणि दोघी हसायचो.

माझा प्रबंध पुरा होत आला तेव्हाची गोष्ट. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. प्रबंध जमा झाला तर कॉलेजातल्या कायम जागेसाठी माझा अर्ज धरला जाणार होता, नाहीतर नव्या वर्षी नवं कंत्राट, तेही मिळालं तर. बावीस दिवस उरले होते. मी छापून आणलेला मुख्य भाग टेबलावर ठेवून कॉलेजला गेले. संध्याकाळी आले तर तो दिवाणखान्यात बाईंच्या मांडीवर होता.

"तू वाचा म्हणाली नाहीस, मीही विचारलं नाही. वाचला," बाई म्हणाल्या. "हरकत असेल तर सांग."

हरकत कसली. मला उलट हसू आलं.

इथे माझं काम काय होतं, ते सांगायला हवं. आपण ज्या जागेत राहतो तिला लांबी, रुंदी, उंची आहे. अशाच तीन मितींच्या, पण चमत्कारिक तऱ्हेने स्वतःलाच जोडलेल्या जागा गणितात असतात. बाई त्यांना पोकळ्या म्हणायच्या. त्या बाहेरून बघता येत नाहीत. एकीची दोन वर्णनं इतकी वेगळी असू शकतात की एकच पोकळी आहे की दोन, हेच कळत नाही. मग युक्ती करतात. पोकळीत एका जागेवरून निघून परत तिथेच येणाऱ्या वाटा असतात. प्रत्येक वाटेला आकड्यांचा एक चौकोन, म्हणजे मॅट्रिक्स, नेमून द्यायचा, असा की एका वाटेला दुसरी जोडली की चौकोनांचा गुणाकार व्हावा. मग पोकळीचे तुकडे पाडायचे, तुकड्यांची यादी करायची, या चौकोनांच्या मदतीने मोठं गणित मांडायचं. शेवटी एक आकडा उरतो. त्याला टॉर्शन म्हणतात. कसेही तुकडे पाडा, आकडा तोच. दोन पोकळ्यांचे आकडे निराळे आले तर त्या निराळ्या. बाईंनी सुनंदाला हे एकदा दोन वाक्यांत सांगितलं होतं: "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ मोजायचा." सुनंदा म्हणाली होती, "मग ह्यात कठीण काय?"

माझ्या प्रबंधाचा कणा म्हणजे अशा दोन पोकळ्या. जुन्या सगळ्या कसोट्यांवर त्या सारख्या ठरत होत्या. मी तीन ओळींचे चौकोन वापरून टॉर्शन काढलं होतं. दोन्हींचे आकडे तेच आले, पण एकीचा अधिक आणि दुसरीचा उणे. म्हणून पोकळ्या वेगळ्या. माझ्या मार्गदर्शक सरांनी हे वाचून पाठ थोपटली होती.

बाईंनी ते उण्याचं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"हे उणे कुणाचं? पोकळीचं की तुझं?"

मला प्रश्नच समजला नाही. बाई उठल्या आणि स्वयंपाकघरातून सहा वाट्या घेऊन आल्या. तीन वाट्या एका ओळीत, तीन दुसऱ्या ओळीत मांडल्या.

"हा तुझा एक तुकडा, हा दुसरा. तीन ओळींचा चौकोन, म्हणून प्रत्येक तुकडा तुझ्या गणितात तीन ओळी अडवतो. यादीत आधी कुठला लिहायचा ते कुणी ठरवलं?"

"मी."

"उलटा क्रम लावला असतास तर?" त्यांनी समोरासमोरच्या वाट्या एकेक करून बदलल्या. "ओळींची एक अदलाबदल झाली की चिन्ह फिरतं. एक. दोन. तीन. तीनदा फिरलं, म्हणजे उलटं झालं. पोकळी तीच आहे. फक्त तुझी यादी बदलली."

त्यांचं म्हणणं मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. तरी मी म्हणाले, "सरांनी तपासलंय, बाई."

"बरोबर आहे की नाही ते सांग."

"बावीस दिवसांत मी काय करू?"

"ते मी विचारलेलं नाही."

तेव्हा मी जे बोलले ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणाले, "तुम्ही बारावीला शिकवलंत, बाई. हे जरा वेगळं असतं."

बाईंनी वाट्या एकात एक घातल्या आणि आत नेऊन ठेवल्या.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "असं कर, सध्या जमा करून टाक. परीक्षक इतक्या खोलात जात नाहीत. पुढे पेपर काढताना बघू." फोन ठेवल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. महिन्यातून एका शनिवारी बाई बसने उत्तनला जात आणि सुकी मासळी आणत. गिरगावात अर्धा जन्म गेल्यावर बोंबलाशिवाय महिना जाणार कसा, असं त्यांचं म्हणणं. दारात पिशवी घेऊन उभ्या राहून त्या म्हणाल्या, "येतेस? मला दोन पिशव्या उचलत नाहीत." गेल्या महिन्यापर्यंत त्या चार उचलत होत्या. मी चपला घातल्या.

उत्तनला किनाऱ्यालगत आडव्या बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले होते. खाली दोन कोळणी एकमेकींपासून पाच हातांवर टोपल्या घेऊन बसल्या होत्या. बाईंनी दोन्ही टोपल्यांतला एकेक बोंबील उचलून नाकाला लावला.

"होडी एकच ना दोघींची?" त्यांनी विचारलं.

"होरी एकच हाय, बाय," जवळची हसून म्हणाली, "पन सुकवनारे हात येगले हायेत. तिचा न्हाय घ्यायचा, माजा घे."

"हे उत्तर चांगलं आहे," बाई म्हणाल्या आणि दोघींकडून घेतलं.

बसला वेळ होता. आम्ही बंधाऱ्यावर बसलो. समोर होड्या वाळूवर कलंडल्या होत्या. समोरच बघत बाई बोलायला लागल्या.

त्याही एकेकाळी पीएच.डी. करत होत्या. पस्तीस वर्षं होऊन गेली त्याला. विषय हाच, याच पोकळ्या, हेच तीन ओळींचे चौकोन. त्यांनीही दोन पोकळ्या घेतल्या होत्या आणि त्या वेगळ्या आहेत असं सिद्ध केलं होतं. उण्याच्या जोरावर. पेपर परदेशातल्या एका नियतकालिकाने स्वीकारला. मुद्रितं तपासायला आली, ती तपासताना एका दुपारी त्यांनी तुकड्यांची यादी सहज उलट्या क्रमाने लिहिली.

"आणि चिन्ह फिरलं," मी म्हणाले.

"फिरलं. गाईड म्हणाले, जाऊ दे, कोण बघतंय. मी पत्र पाठवलं आणि पेपर मागे घेतला. त्यांचंही नाव होतं त्यावर. मला न विचारता कसं केलंस, म्हणून ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्याच सुमारास आईचं आजारपण निघालं. कॉलेजात जागा मिळाली, ती धरली."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"पेपर गेल्याचं नाही वाटलं." त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. "पण सिद्धता चुकली म्हणजे विधान चुकलं असं नसतं ना. पोकळ्या खरोखरच वेगळ्या असतील, आणि मला दुसरी सिद्धता सुचली नसेल. मग मी एक खरी गोष्ट घाबरून टाकून दिली, असं झालं. हे मला अधूनमधून वाटतं."

अधूनमधून म्हणजे रोज पहाटे पाच ते आठ, हे माझ्या तिथे लक्षात आलं.

"बाई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"बारावीला शिकवलं हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. "बस आली बघ."

बसमध्ये जागा मिळाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझे तीन ओळींचे चौकोन आले कुठून?"

"दोन ओळींच्या चौकोनांतून बनवलेत. सरांना तीनचे सोयीचे वाटतात."

बाई माझ्याकडे वळल्या. "मग दोनचेच का नाही वापरत? दोन वाट्यांची दोन वाट्यांशी अदलाबदल. चिन्ह दोनदा फिरतं आणि जागच्या जागी येतं. मग उणे निघालं तर ते पोकळीचं. मला हे सुचलं तोवर मी कॉलेजात शिकवण्यात रुळले होते, आणि माझ्या पोकळ्यांचं ते गणित हाताने होण्यातलं नव्हतं. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे."

एकोणीस दिवस होते. मी कॉलेजातून मिळेल तेवढी रजा घेतली. सरांना कळवलं की मी मुख्य प्रकरण पुन्हा लिहितेय. ते चिडले, मग म्हणाले, "तुझी जबाबदारी." वाटांना दोन ओळींचे चौकोन नेमायच्या शक्य तेवढ्या सगळ्या रीती शोधायच्या, प्रत्येकीचं टॉर्शन काढायचं आणि दोन पोकळ्यांच्या याद्या ताडून बघायच्या. प्रोग्रॅम मी नव्याने लिहिला. पहिल्याच रीतीला शून्य आलं. मी डोकं धरून बसले. बाईंनी स्क्रीनवर वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही रीत या गणिताला चालत नाही, अट मोडतेय. बाजूला ठेव. सगळ्याच मोडतात का, ते बघ." सगळ्या मोडत नव्हत्या.

त्या दिवसांत सुनंदाने ओट्याचा नियम स्वतःच्या अधिकारात बदलला. अर्धा ओटा बाईंचा, अर्धा माझा. माझा भाग ती मी सांगितल्याशिवाय पुसत नसे. "बाईंचं त्यांच्या डोक्यात असतं," ती म्हणाली, "तुमचं कुठे असतं ते माहीत नाय."

दहाव्या दिवशी दुपारी दोन्ही याद्या पूर्ण झाल्या. एकीत सहा आकडे, दुसरीतही सहा. मी वरून ताडायला सुरुवात केली. पहिला तोच. दुसरा तोच. तिसरा, चौथा, पाचवा तेच. सहावा वेगळा होता. नुसत्या चिन्हाने नाही, आकडाच निराळा.

मी बाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही याद्या वाचल्या आणि म्हणाल्या, "तुकड्यांचा क्रम बदल आणि परत कर."

परत केलं. तोच आकडा, तेच चिन्ह. तिसऱ्यांदा केलं. तेच. मग मात्र मी ओट्याला टेकून रडले. सुनंदाने गॅस बंद केला आणि माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. बाई म्हणाल्या, "आता रडायला हरकत नाही."

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी जमा झाला. काही महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडचे, अगदी मृदू बोलणारे. पान उलटता उलटता त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "या चिन्हावर विश्वास का ठेवायचा?" सर माझ्याकडे बघायला लागले. मी फळ्यावर सहा आणि चार वाट्या काढल्या. परीक्षक मान डोलवत राहिले. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस." हे म्हणायला मोठेपणा लागतो, ते मी नाकारणार नाही.

घरी येऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पेढा अर्धा खाल्ला. मग मी म्हणाले, "आता तुमच्या पोकळ्या."

"कशाला?"

"माझ्याकडे कॉम्प्युटर आहे."

त्यांनी उरलेला अर्धा पेढा कागदात गुंडाळून ठेवला. वाटलं, नाही म्हणतील. मग उठून खडू घेतला. जुना कागद एकही ठेवलेला नव्हता, सगळं तोंडपाठ. भर दुपारी, सुनंदाची भांडी घासून होत असताना, त्यांनी दोन्ही पोकळ्यांची वर्णनं ओट्यावर उतरवली. कुठली गाठ, तिच्याभोवतालचा भाग कसा कापायचा, परत कसा चिकटवायचा. हात एकदाही अडला नाही.

मी ते लॅपटॉपवर घातलं. बाई बाहेर जाऊन वर्तमानपत्र घेऊन बसल्या. इकडे टॉर्शनच्या याद्या निघाल्या. सगळे आकडे जुळत होते. एकूण एक. पण आकडे जुळले म्हणजे पोकळ्या एकच, असं होत नाही. म्हणून मी दुसरा प्रोग्रॅम लावला, पोकळीचे चतुष्फलक तुकडे पाडून एकीचे तुकडे दुसरीवर बसतात का ते बघणारा. तो काही मिनिटं चालला आणि थांबला. तुकड्याला तुकडा, कडेला कड, सगळं बसलं होतं.

मी बाहेर गेले. कसं सांगावं कळेना. पस्तीस वर्षं त्या ज्या विधानाजवळ रोज तीन तास बसत होत्या, ते मुळातच खोटं होतं.

बाईंनी पेपर खाली केला. "एकच की वेगळं?"

"एकच आहेत, बाई."

"टॉर्शन सारखं आलं?"

"टॉर्शन सारखं आहेच, पण त्याच्यापुढचं सांगतेय. पोकळी एकच आहे. तुकडे जुळतात."

"तुकडे लिहून दे," त्या म्हणाल्या.

मी अकरा तुकड्यांचा तक्ता लिहून दिला, आणि एका वर्णनापासून दुसऱ्यापर्यंत जायच्या पायऱ्याही. मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण पेपर मागे घेताना त्यांनी सगळं स्वतः पाहून घेतलं होतं, तसं हेही स्वतः बघायचं होतं. चार दिवस त्या ओट्यावर एकेक बाजू जुळवत होत्या. चारही दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मी कॉलेजला जाताना डोकावायचे, त्या मान वर करायच्या नाहीत. मला धास्ती होती. जे शोधायचं नव्हतं ते मी शोधून दिलं, असं वाटत होतं. सुनंदाही मला रागाने विचारायची, "काय दिलंत त्यांना?"

पाचव्या दिवशी, रविवारी, दुपारच्या जेवणाआधी त्या खडू ठेवून बाहेर आल्या. हात पदराला पुसले.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "एकच आहे. माझं विधान चुकलेलंच होतं. नुसती सिद्धता नाही, विधानच."

"बाई, मला वाईट वाटतंय."

"कसलं वाईट?" त्यांनी इतक्या आश्चर्याने विचारलं की मीच गडबडले. "अगं, ते छापलं असतं तर मी जन्मभर खोट्याची धनीण झाले असते. लोकांनी त्याच्यावर पुढची कामं रचली असती. म्हणजे मी पत्र पाठवलं ते बरोबर केलं. भिऊन नाही, बरोबर केलं." त्या खुर्चीवर बसल्या. "गाईड असते तर त्यांना कळवलं असतं. नाहीत ते आता."

मग म्हणाल्या, "तू हे छापून टाक. या दोन पोकळ्या एकच आहेत, एवढंच. दीड पानात होईल. आणि खाली टीप दे, की या वेगळ्या आहेत असा दावा एकदा केला गेला होता आणि दावा करणारीनेच तो छापून येण्याआधी मागे घेतला."

"तुमचं नाव घालू?"

"घाल. चूक माझी आहे आणि मागेही मीच घेतलंय."

जेवणं झाली. मी माझ्या खोलीत गेले. तासाभराने पाणी प्यायला बाहेर आले तर सुनंदा दिवाणखान्याच्या दारात भिंतीला धरून उभी होती. आत सोफ्यावर बाई आडव्या झाल्या होत्या, चष्मा छातीवर, तोंड किंचित उघडं, आणि चांगल्या घोरत होत्या. बारा वर्षांत सुनंदाने त्यांना दिवसा झोपलेलं बघितलं नव्हतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "बाईंना बरं नाय काय?"

"बरंय," मी म्हणाले. "झोपू दे त्यांना."